सफरचंदाविना सफरचंदाचा पाय

सोलापुरात कापडाची पेढी असलेल्या घरातील एक मुलगी लग्नानंतर अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात गेली आणि तेथे हिशेब तपासणीच्या एका कचेरीत काम करू लागली. कचेरीत कुणाचा वाढदिवस असो वा निरोपसमारंभ, खाण्याचे पदार्थ मेजावर मांडले जात, आणि प्रत्येक पदार्थापुढे तिचा एकच प्रश्न असे : ‘यात काय काय आहे?’ अंडे, जिलेटिन, कांदा, बटाटा. बहुतेक वेळा उत्तर ऐकून ती सफरचंद किंवा केळे घेऊन बाजूला बसे. सहकारी मनाने चांगले होते. पण तिच्या प्रश्नाची थोडी थट्टा होई. एक ज्येष्ठ सहकारी तर ती खोलीत शिरताच ‘तपासनीस आल्या’ म्हणून पुकारा करीत. सफरचंदाच्या पायची चव आपल्याइतकी कुणालाच कळत नाही, असा या गृहस्थांचा दावा असे. (पाय हा शब्द मराठी कानाला विचित्र वाटतो खरा. सारण भरून भाजलेली ती जाड पोळीच म्हणावी. पण नाव तेच रूढ आहे.)

या दाव्याची गंमत करावी, असे तिच्या मनात आले. त्याला निमित्त एका जुन्या पाककृतीचे झाले.

सफरचंद नसलेला सफरचंदाचा पाय हा अमेरिकेतील जुना प्रकार आहे. तेथील यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांची बंदरे अडवली गेली आणि अनेक जिन्नस दुर्मीळ झाले. रिचमंड येथे 1863 साली निघालेल्या एका छोट्या पाकपुस्तकात भिजवलेली बिस्किटे, टार्टारिक आम्ल, साखर, लोणी व किंचित जायफळ यांपासून असा पाय करण्याची कृती आहे. पुढे 1934 साली, महामंदीच्या दिवसांत, रिट्झ नावाची खारी बिस्किटे बाजारात आली आणि त्यांच्या खोक्यावर छापलेल्या कृतीमुळे हा पदार्थ घरोघरी माहीत झाला. सुमारे छत्तीस बिस्किटे मोडून पायच्या पारीत भरायची. पावणेदोन कप पाणी, दोन कप साखर, दोन चमचे क्रीम ऑफ टार्टर यांचा पाक उकळून त्यात लिंबाचा रस व किसलेली साल घालायची. तो पाक बिस्किटांवर ओतून वर लोणी व दालचिनी घालायची, दुसऱ्या पारीने झाकायचे आणि कडक आचेच्या भट्टीत अर्धा तास भाजायचे. पाकात भिजलेली बिस्किटे शिजलेल्या फोडींसारखी मऊ होतात. आंबटपणा व दालचिनीचा वास जिभेला सफरचंदाची आठवण करून देतात, आणि उरलेले काम खाणाऱ्याची खात्रीच करते.

जैन स्वयंपाकघराला यात नवल वाटू नये. कच्च्या केळ्याचा वडा, हिंगाने भागवलेली कांदालसणाची उणीव, हिरवे वर्ज्य असलेल्या दिवशीची पापडाची भाजी, हे सारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे वाढणारी आधीच सांगते, ‘बटाटा नाही हो, केळं आहे.’ ते सांगितल्यावाचून पाहुण्याचा हात पुढे होत नाही.

मुलीने कृती आपल्या घराला मानवेल अशी फिरवली. पारीत पूर्वी डुकराची चरबी घालण्याची चाल होती. तिने लोणी घेतले. क्रीम ऑफ टार्टर द्राक्षाच्या दारूच्या पिंपांना आतून धरणाऱ्या खड्यांपासून काढतात, हे वाचून ते तिने बाद केले आणि चिंचेचा कोळ वापरला. चिंचेतही तेच आम्ल असते. बिस्किटांच्या खोक्यावरील बारीक अक्षर तर ती सवयीनेच वाचून होती.

आदल्या रात्री तिने हा बेत सोलापूरला फोनवर सांगितला. आई हसली, मग म्हणाली, ‘म्हणजे खोटं बोलणार तू?’

‘नाही गं आई. मी सफरचंद हा शब्दच काढणार नाही. नुसता पाय मेजावर ठेवीन. कुणी काय समजायचं ते समजो.’

‘जीभ गप्प राहील, बाळा. मनाचं काय? कणकेच्या कोंबड्याची गोष्ट विसरलीस वाटतं.’

सोमदेवसूरींनी शके 881 मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलकचंपूत ही कथा आहे. राजा यशोधर जीवहत्येला तयार नव्हता. माता चंद्रमतीच्या आग्रहाखातर त्याने पिठाचा कोंबडा करून देवीपुढे बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही. पण मारण्याचा संकल्प खरा होता, म्हणून दोघांना जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावे लागले. कचेरीतील थट्टेला एवढी मोठी कथा लावणे म्हणजे मुंगीसाठी मेजवानीचा मंडप घालणे. तरीही आईने बोट नेमके ठेवले होते. पीठ निरुपद्रवी असले, तरी घडवणाऱ्याच्या मनात काय आहे, हा प्रश्न उरतोच. मायेची गणना कषायांत केली आहे, आणि माया शब्दावाचूनही करता येते.

दुसऱ्या दिवशी पाय मेजावर आला. ज्येष्ठ गृहस्थांनी पहिला तुकडा घेतला, डोळे मिटले आणि निर्णय दिला : हिरवी आंबट सफरचंदे, फोडी जरा जास्त शिजल्या आहेत, पण उत्तम. त्यांनी दुसरा तुकडाही घेतला. मुलीला हसू आवरेना.

एवढ्यात नव्याने रुजू झालेली एक तरुणी हातात बशी घेऊन तिच्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘माफ करा, यात काय काय आहे?’

काटा तिच्या हातातच होता. सगळे ऐकत होते. ‘सफरचंद’ म्हणण्याचीही गरज नव्हती. नुसते हसून ‘नेहमीचंच’ म्हटले असते, तर थट्टा आणखी तासभर रंगली असती. मुलीने क्षणभर त्या बशीकडे पाहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली : मैदा, लोणी, साखर, चिंच, लिंबू, दालचिनी, आणि खारी बिस्किटे. बिस्किटांत सोयाबीनचे तेल आणि लेसिथिन. सफरचंद एकही नाही.

तरुणीने बशी खाली ठेवली. सोया तिला मुळीच चालत नव्हते; एकदा रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. सफरचंदाच्या पायमध्ये ते असेल, अशी शंका तिला आली नसती. विचारण्याचा संकोच होता, पण या कचेरीत एक बाई रोज विचारते हे पाहून धीर आला, असे ती म्हणाली.

खोलीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग ज्येष्ठ गृहस्थांनी आपल्या बशीतील उरलेला तुकडा काट्याने उलटापालटा करून पाहिला आणि ते मोठ्याने हसले. चिंच म्हणजे काय, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले.

त्या रात्री फोनवर आईने एवढेच विचारले, ‘पाय संपला का?’

‘संपला. पण कुणीतरी विचारीपर्यंत मी गप्पच होते, आई.’

‘हं,’ आई म्हणाली, आणि बोलणे दुकानातल्या दिवाळीच्या मालाकडे वळले.

पुढच्या सोमवारी मेजावर घरी केलेली एक बदामाची वडी होती. शेजारी एका चिठ्ठीवर ज्येष्ठ गृहस्थांच्या वळणदार अक्षरात सगळे जिन्नस लिहिलेले होते. अगदी शेवटी, अधोरेखित करून : अंडे नाही, सोया नाही.