परदेशातील घर : आधी शेजार, मग खरेदीखत

पूर्वी उदगीर, देगलूर, निलंग्याकडची मुले बाहेरदेशी जात ती चार-सहा वर्षांसाठी. कमवायचे, बहिणींची लग्ने लावायची, गावात पक्के घर बांधायचे आणि परत यायचे, असा सरळ हिशेब होता. आता काही घरांत बोलणे बदलले आहे. मुलगा म्हणतो, भाडे भरण्यापेक्षा इकडेच घर घेतो. शहरातले भाव परवडत नाहीत म्हणून तो दूरच्या खेड्यातले घर पाहतो. इकडे बाप दुकान गहाण ठेवण्याचा किंवा रान विकण्याचा विचार करू लागतो. व्यापारी आणि कारागीर बंधूंनी हा सौदा भावनेच्या भरात न करता व्यापारी नजरेने पारखावा, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम पैशाची गोष्ट. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत बाहेर पाठवता येते आणि त्यातून तिथे घरही घेता येते. २००४ साली योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा २५,००० डॉलर होती. मात्र घरासाठी पाठवलेली रक्कम वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेली की वरच्या भागावर बँक २० टक्के कर आगाऊ घेते. विवरणपत्र भरताना तो वळता करून मिळतो, हे खरे. पण तोपर्यंत भांडवल अडकते. ईद-दिवाळीच्या तोंडावर माल भरायचा आणि रोकड सरकारजमा, ही अवस्था दुकानदाराला महाग पडते. शिवाय परदेशातील घर विवरणपत्रात दाखवावेच लागते. न दाखवल्यास २०१५ च्या कायद्याने १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. म्हणून हुंडी-हवाल्याची वाट कोणी सुचवली तर तिथेच हात जोडावेत. ज्याने तिकडे राहून, तिकडच्या कमाईतून घर घेतले, त्याला परत आल्यावरही ते ठेवता येते. सर्वांत स्वच्छ मार्ग हाच.

दुसरी गोष्ट तिकडच्या कायद्याची. दुबईत २००२ पासून ठराविक भागांत परदेशी माणसाला पूर्ण मालकीचे घर मिळू लागले. पण घर घेतले म्हणून नागरिकत्व मिळत नाही. राहण्याचा परवाना वेगळा आणि त्याला मुदत असते. कॅनडाने २०२३ च्या जानेवारीपासून परदेशी लोकांना घरे विकण्यावर बंदी घातली आणि पुढे तिची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. ही बंदी शहरी भागापुरती. खेडेभाग तिच्या बाहेर. त्यामुळे खेड्यातले घर सोपे आणि स्वस्त वाटते. पण कायद्याने दार उघडले म्हणजे गावानेही उघडले, असे समजू नये.

मराठवाड्यात निजामकाळचे जुने दस्तऐवज उर्दूत आहेत. मी उर्दू शाळेत शिकलेला, म्हणून ओळखीचे लोक कधी कधी असे कागद वाचून घ्यायला दुकानात येतात. प्रत्येक खतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेला अमक्याचे घर, पश्चिमेला तमक्याचा वाडा. म्हणजे शेजाऱ्याचे नाव घेतल्याशिवाय कागदालाही घराची ओळख पटवता येत नाही. परदेशातल्या खेड्यात हेच अधिक खरे ठरते.

आपल्याच मराठी माणसांचे उदाहरण पाहा. १८३४ पासून मॉरिशसमध्ये हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव घसरले, तेव्हा मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. करार संपलेल्या मजुरांनी पैसा पैसा जोडून ते घेतले. त्यांतून खेडी उभी राहिली. या खेड्यांत ‘बैठका’ म्हणजे संध्याकाळी जमण्याच्या जागा होत्या. तिथे मुले आपली भाषा शिकत आणि लहानसहान भांडणे मिटत. या लोकांनी मळ्यात वर्षानुवर्षे घाम गाळला होता. गावाला त्यांचे तोंड ओळखीचे झाले होते. जमीन त्यानंतर आली.

कॅनडातील लॅक ला बिश हे उत्तरेकडचे छोटे गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लेबनानचे मुसलमान व्यापारी तिथे येऊ लागले. त्यांनी केसाळ कातड्यांचा व्यापार केला, दुकाने मांडली, मिंक नावाची जनावरे पाळली. १९५८ मध्ये त्यांनी तिथे मशीद बांधली. त्याआधी १९३८ मध्ये त्याच प्रांतातील एडमंटन शहरात कॅनडाची पहिली मशीद उभी राहिली, तेव्हा ख्रिस्ती आणि यहुदी व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली होती. आपल्या धंद्यात अशा गोष्टीला पत म्हणतात. ती रोखीने मिळत नाही.

उलट बाजूही पाहावी. पूर्व आफ्रिकेत हिंदी दुकानदार आडगावांपर्यंत पोचले होते. पुढे दुकान, मागे घर. कापड, मीठ, साखर, रॉकेल विकणाऱ्या या लोकांना ‘दुकावाला’ म्हणत. १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीनने त्यांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. घरे, दुकाने, माल सगळे मागे राहिले. अमीनचा जुलूम तो जुलूमच. तरीही व्यवहाराचे नाते होते आणि उठण्या-बसण्याचे फारसे नव्हते, ही गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी.

पण शेजार चांगला असूनही घर जाते, हेही सांगितले पाहिजे. रत्नागिरी आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील कोकणी मुसलमान शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनला गेले. त्यांतील अनेक जण छोटे दुकानदार होते. शहरातील डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत सर्व जातीधर्मांचे लोक मिसळून राहत. १९५० च्या वर्णभेदी कायद्याचा आधार घेऊन १९६६ मध्ये ती वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर झाली. साठ हजारांहून अधिक लोकांना उठवले गेले. स्वतःच्या मालकीचे घर असणारेही सुटले नाहीत. हक्क परत मागण्याचा कायदा झाला तो १९९४ मध्ये.

म्हणून माझे ठाम मत आहे की तिकडच्या घरासाठी इकडचे शेवटचे रान विकू नये. कारण कायदेशीर आहे. मराठवाड्यात १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला घर किंवा फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन, फार्महाऊस आणि मळा विकत घेता येत नाही. मुलाने तिकडचे नागरिकत्व घेतले की इकडचे संपते. मग ओसीआय कार्ड असले तरी शेतीबाबत हीच बंदी लागू होते. वारशाने जमीन येऊ शकते. म्हणजे दोन एकर राखले तर ते नातवापर्यंत पोचतील. विकले तर पैसे असूनही परत घेता येणार नाहीत.

कोणी जाऊच नये, असे मी म्हणत नाही. तिजारतीसाठी माणसाने दूर गेले पाहिजे. पण क्रम चुकू नये. आधी कायम राहण्याचा परवाना, मग त्याच गावात निदान एक वर्ष भाड्याने राहणे, कडक हिवाळ्यासकट. त्या काळात तिथली बोली शिकावी, शाळा-दवाखाना किती दूर आहे ते पाहावे, गावच्या कामात हात लावावा. मग तिकडचा वकील लावून कागद तपासावेत आणि शेवटी पैसे द्यावेत.

मुलाने घराचा फोटो पाठवला की किंमत नंतर विचारा. आधी विचारा, पूर्वेला कोण राहतो, पश्चिमेला कोण, त्यांची नावे काय? सांगता आली नाहीत, तर त्याला आणखी एक वर्ष भाड्याने राहू द्या.