मत बहिणीचं, तिकीट भावाचं

निवडणूक आली की बायकांना एकदम भाव येतो. बचत गटांच्या बैठकांना पुढारी हजेरी लावतात, हळदी-कुंकवाचे मोठाले कार्यक्रम होतात, जो तो 'ताई-माई-अक्का' करत दारात येतो. २०२४ मध्ये तर 'लाडक्या बहिणी'च्या खात्यात महिन्याला १५०० रुपये जमा होऊ लागले. मिळाले ते चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, पुढचा हिशेब कुणी मांडला का?

त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ जागांसाठी मतदान झालं. निवडून आलेल्या महिला अवघ्या २१! २०१९ मध्ये त्या २४ होत्या. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात चंदगडपासून शिरोळपर्यंत दहा मतदारसंघ आणि दहाही जागी पुरुष आमदार. ज्या करवीरच्या गादीचा पाया महाराणी ताराबाईंनी घातला, तिथली ही गत.

"विधानसभा मुंबईत, आपला काय संबंध?" असं बायका मला विचारतात. अहो, संबंध थेट आपल्या घराशी आहे. राज्याचा अर्थसंकल्प तिथे मंजूर होतो. अंगणवाडी, सरकारी दवाखाना, एस.टी.तलं आपलं अर्धं तिकीट, सगळ्याचा पैसा त्यातूनच येतो. कायदेही तिथेच होतात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला. देशभर तो मिळायला २००५ साल उजाडलं. मात्र त्या १९९४ च्या कायद्यात एक मेख होती. तो लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. सभागृहात निम्म्या बायका असत्या, तर ती ओळ तशीच राहिली असती का?

मतदानात आपण कधीच मागे नव्हतो. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत इथल्या बायकांनाही पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ ला त्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली. तेव्हापासून आपण रांगेत उभ्या आहोत, पण मत देणाऱ्यांच्या!

अलीकडच्या काळात आपल्या जिल्ह्यातून विधानसभेत गेलेल्या दोन महिला आठवा. चंदगडमधून २०१३ मध्ये संध्यादेवी कुपेकर आणि कोल्हापूर उत्तरमधून २०२२ मध्ये जयश्री जाधव. दोघीही पतीच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत निवडून आल्या. संध्यादेवी तर २०१४ ला पुन्हा जिंकल्या. दोघींविषयी आदरच आहे. पण घरावर संकट कोसळल्यावरच बाईला तिकीट मिळावं का?

"योग्य महिला उमेदवारच मिळत नाही," हे पक्षांचं ठरलेलं उत्तर. ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत, महापालिकेत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. काही ठिकाणी खुर्चीत बायको आणि कारभार नवऱ्याचा, हे मीही पाहते. पण दाखले, पाणीपट्टी, शाळेची गळकी छपरं असे प्रश्न धसास लावणाऱ्या बायाही मी रोज पाहते. विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ मध्ये केला तो शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने. गावाच्या सभेत हे होतं, मग गावचा कारभार सांभाळलेली बाई मुंबईच्या सभागृहात का नको?

लोकसभा आणि विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, पण त्याला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट घातली. पण तिकीट द्यायला आरक्षण कशाला हवं? पक्षांनी मनावर घेतलं तर कुठल्याही निवडणुकीत ते देता येतं.

आणि त्यांनी मनावर घ्यावं, हे आपल्या हातात आहे. आपल्या भागातल्या कर्तबगार माजी सरपंच, नगरसेविका कोण, याची यादी बचत गटात बसून करा. उमेदवारी ठरण्याआधी ती सगळ्या पक्षांच्या जिल्हाध्यक्षांकडे द्या. वाण घेऊन कुणी दारात आलं, तर चहा जरूर पाजा, पण आधी एवढंच विचारा, "भाऊ, तुमच्या यादीत बायका किती?"