रोजच्या वापराला कोणती बरी: आरएक्स की सीडी?



मागच्या अंकात जुना लॅपटॉप दुरुस्त करावा की विकावा, यावर लिहिलं होतं. या वेळीही विषय जुन्या वस्तूचाच आहे, फक्त तिला दोन चाकं आहेत.

झालं असं, की डिंडोलीतल्या एका मित्राने त्याची १९९३ सालची यामाहा आरएक्स १०० विकायला काढली. किंमत एक लाख पाच हजार. "बाहेर सांगायच्या आधी तुला विचारतोय," असं तो म्हणाला तेव्हाच मी निम्मा विरघळलो होतो. घरी येऊन सांगितलं, तर बायको म्हणाली, "तेवढ्यात नवी गाडी येते, तीही बटण-स्टार्ट. आणि जिन्याखाली एक जुनी उभी आहे, तिचं काय करायचं ते आधी ठरवा."

जिन्याखाली आप्पांची हिरो होंडा सीडी १०० आहे. डिसेंबर १९९१ मध्ये आप्पांना भिशी लागली, तेव्हा घेतलेली, जीजे-५ नंबरची. गाडीला पंधरा वर्षं झाली, की नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. आप्पा २००६, २०११, २०१६ आणि २०२१ मध्ये न चुकता ती करून आले. या डिसेंबरमध्ये पुन्हा मुदत संपते आहे. म्हणजे प्रश्न एक नव्हता, दोन होते. सीडी भंगारात द्यायची का? आणि तिच्या जागी आरएक्स आणायची का?

मी पडलो इंजिनिअर. म्हटलं, आधी चाचणी घेऊ, मग बोलू. मित्राकडून आरएक्स आठवडाभर मागून आणली. गल्लीतल्या मिस्तरींकडून सीडीचा कार्बोरेटर साफ करून घेतला, क्लचची वायर बदलली, टायर नवे टाकले. मग एक आठवडा आरएक्स आणि एक आठवडा सीडी. रस्ता तोच, वेळ तीच: सकाळी लिंबायत ते अडाजण, संध्याकाळी परत, मध्ये इकडे-तिकडे धरून रोजचे बावीस किलोमीटर.

चौघींची ओळख

परदेशात १९६१ ची जॅग्वार ई-टाइप आणि त्याच दशकातली पोर्शे ९११ यांच्यापैकी रोज कामावर न्यायला कोणती बरी, यावर शौकीन लोक तासन्‌तास वाद घालतात. आपल्या वस्तीत तोच वाद शंभर सीसीवर होतो. आमच्या काकांच्या पिढीची स्पोर्ट्स कार म्हणजे आरएक्स.

त्याआधी मोटारसायकल म्हटली, की बुलेट, राजदूत किंवा येझदी. गाड्या दणकट, पण जड. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने शंभर सीसीपर्यंतच्या दुचाक्यांसाठी जपानी कंपन्यांशी भागीदारीला वाट मोकळी केली आणि दोन-तीन वर्षांत चार गाड्या रस्त्यावर आल्या. १९८४ मध्ये होसूरहून इंड-सुझुकीची एएक्स १००. १९८५ मध्ये हरियाणातल्या धारूहेड्याहून हिरो होंडाची सीडी १००. त्याच वर्षाच्या शेवटी एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००. आणि १९८६ मध्ये आपल्या पुण्याच्या बजाजची कावासाकी केबी १००.

चौघी एकाच वयाच्या, इंजिनं साधारण तेवढीच. फरक एकच, पण मोठा. तिघी टू-स्ट्रोक आणि सीडी एकटी फोर-स्ट्रोक.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांतून एकदा होतो. म्हणून तेवढ्याच सीसीत टू-स्ट्रोक जास्त ताकद देते. आरएक्सची ताकद ११ बीएचपी आणि वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे ती सुटते तेव्हा पोटात खड्डा पडतो. सीडीची ताकद सात-साडेसातच्या घरात. पण टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं पेट्रोलच करतं, आणि त्यातलं थोडं न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. शिवाय पेट्रोलबरोबर टू-टी ऑइलही जळतं. मायलेज कमी आणि निळा धूर जास्त, त्याचं कारण हेच. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या मागे पडल्या. आरएक्स १०० बनवणं १९९६ मध्ये थांबलं.

एएक्स आणि केबी चालू अवस्थेत मला मिळाल्याच नाहीत, म्हणून चाचणी दोघींचीच.

दोन आठवड्यांचा हिशोब

आधी आरएक्सचं कौतुक करतो, कारण ते खरं आहे. अर्ध्या किकमध्ये चालू. उधना दरवाजाच्या पुलावर चढताना गिअर खाली आणावा लागत नाही, नुसती मूठ पिळायची. सिग्नल सुटला, की मागचे सगळे मागेच. एकोणचाळीस वर्षांचा माणूस हेल्मेटच्या आत एकटाच हसत चाललाय, हे दृश्य मी स्वतः अनुभवलं. आवाज ऐकून अडाजणच्या ऑफिसचा वॉचमन खुर्चीतून उठून आला आणि म्हणाला, "साहेब, ही कुठून आणली?"

आता आकडे. माझ्या मोजणीत आरएक्सने लिटरला ३६ किलोमीटर दिले, सीडीने ५८. महिन्याचे साडेपाचशे किलोमीटर धरले, तर आरएक्सला सव्वापंधरा लिटर लागतं आणि सीडीला साडेनऊ. पेट्रोल आणि ऑइल मिळून महिन्याला सहा-साडेसहाशे रुपयांचा फरक. मला आज तो परवडेल. पण १९९१ मध्ये मागावर काम करणाऱ्या माणसाला असा फरक परवडत नव्हता. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, ही सीडीची जाहिरात अशा घरांत बरोबर पोचली होती.

दुसरी गोष्ट गर्दीची. आरएक्सची मजा वेगात आहे आणि आपल्या रस्त्यांवर वेग मिळतो कधी? मेट्रोचं काम, रिंग रोडवर कापडाच्या गाठी घेऊन निघालेले टेम्पो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणं. अशा चालीत टू-स्ट्रोकचा प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो आणि तो अधूनमधून साफ करावा लागतो. सीडीला हळू जाण्याचा कंटाळा नाही. दोन्ही गाड्यांवर ऑफिसला पोचायला लागलेल्या वेळेत फरक किती पडला? सरासरी तीन मिनिटं.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. सीडीचं ९७.२ सीसीचं इंजिन कंपनीने १९९४ मध्ये स्प्लेंडरमध्ये वापरलं. त्यामुळे आमच्या मिस्तरींना सीडीचा भाग शोधायला लांब जावं लागत नाही. आरएक्सचे भाग मिळतात, पण हौशी लोकांच्या मागणीमुळे अस्सलचे भाव चढलेले आणि नकली भाग भरपूर. पारख नसेल, तर माणूस फसतो.

चौथी गोष्ट पेट्रोलची. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या गाडीचे रबरी भाग आणि कार्बोरेटर त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेले. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर त्रास वाढतो. म्हणून जुनी गाडी ठेवायची, तर चालवत ठेवायची. दोघींनाही हे लागू.

पाचवी सगळ्यांत महत्त्वाची, ब्रेकची. दोघींनाही पुढे-मागे ड्रम ब्रेक. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीला दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस सक्तीची आहे. पावसात गरनाळ्याच्या उतारावर एक रिक्षा अचानक आडवी आली, तेव्हा या नियमाचा अर्थ मला नीट कळला. सीडीवर माझा वेग पस्तीस होता, थांबलो. आरएक्सवर त्याच ठिकाणी पन्नास असतो, हे मला पक्कं माहीत आहे, कारण आदल्या आठवड्यात तो तेवढाच होता.

कुणी म्हणेल, "व्हिंटेज म्हणून नोंदवून घे." तेही बघितलं. २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. म्हणजे पहिल्या आरएक्सलाही २०३५ उजाडेल. आणि व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालवताच येत नाही. मग आपला प्रश्नच संपला.

आप्पांचं म्हणणं

एवढा हिशोब घेऊन रविवारी आप्पांजवळ बसलो. मला वाटलं, ते सीडीचीच बाजू घेतील. कारण १९९४ चा सप्टेंबर आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. प्लेगची बातमी पसरली, गोळ्या मिळेनाशा झाल्या, गाड्या आणि एसट्या ओसंडून वाहत होत्या. मी सात वर्षांचा होतो. आप्पांनी मला टाकीवर बसवलं, मागे आई, तिच्या मांडीवर बहीण, आणि सीडी निघाली अमळनेरला. बारडोली, व्यारा, नवापूर, कोंडाईबारीचा घाट, साक्री, धुळे. काका आजीला घेऊन आरएक्सवर. काका भुर्रकन पुढे जायचे आणि पुढच्या चहाच्या टपरीवर आमची वाट बघत थांबायचे. अंधार पडल्यावर आम्ही गावात शिरलो, तेव्हा दोन्ही गाड्या एकामागे एकच होत्या.

पण आप्पांनी उजवा हात पुढे केला. दोन बोटं थोडी वाकडी आहेत. १९९७ मध्ये रात्रपाळीत मागाच्या पट्ट्यात हात सापडला होता. तेव्हा १०८ नव्हती. काकांनी त्यांना आरएक्सवर बसवलं, मागून एकाने धरून ठेवलं, आणि आठ-दहा मिनिटांत दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणून बोटं राहिली.

"मंग आरएक्स लेऊ का आप्पा?" मी विचारलं.

आप्पा हसले. "त्या दिन घाई होती, भाऊ. घाई रोज नही ऱ्हास. रोजनी गाडी रोजना दिन देखीसन लेवानी."

दोन आठवडे मी आकडे मांडत होतो, त्यांनी ते एका वाक्यात उरकलं. आपण गाडी निवडताना वर्षातला एखादा दिवस डोळ्यांसमोर आणतो. मोकळा रस्ता, पुलावरची हवा, किंवा कधीतरीची धावपळ. चालवायची असते मात्र उरलेल्या सगळ्या दिवसांत, गर्दीत, पावसात, भाजीची पिशवी हँडलला अडकवून.

मग ठरलं काय?

आरएक्स घेतली नाही. मित्राला तिच्यासाठी पुण्याचा एक शौकीन माणूस मिळाला. तो ती रविवारी-रविवारी चालवणार आहे, आणि माझ्या मते आरएक्सला तेच योग्य घर आहे. परत देताना मी जरा लांबच्या रस्त्याने गेलो, हे बायकोला सांगू नका.

सीडीची नोंदणी डिसेंबरमध्ये नव्याने करणार. पण तिलाही मी रोजची गाडी करणार नाही. लेकीला शाळेत सोडायला एकत्र ब्रेकवाली नवी स्कूटरच. सीडी बाजारात जायला, आठवड्यातून दोनदा ऑफिसला न्यायला, एकट्याने, चाळिसाच्या आत. उभी राहून सडण्यापेक्षा हे बरं.

आप्पांना आता किक मारवत नाही. मी चालू करून देतो, ते उभ्या गाडीवर बसतात, मूठ थोडी पिळतात, कान देऊन ऐकतात आणि सांगतात, "चेन कसाले टाक." आणि खरंच चेन सैल झालेली असते.

तुमच्याही जिन्याखाली, गोठ्यात किंवा गावच्या ओसरीत अशी एखादी गाडी उभी असेल, तर या रविवारी तिचा कागद काढून नोंदणीची तारीख बघा. ती कुणी, कशासाठी घेतली होती, हेही घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा. ठेवायची की द्यायची, ते मग ठरवा.

भेटू पुढच्या अंकात. तोपर्यंत हेल्मेट घाला आणि गरनाळ्यात पाणी असेल तर डिंडोलीच्या पुलावरून या.