शंभर वर्षांचा निवडुंग आणि आपली हौस

मंडळी, आज जरा तिखट लिहितोय. निवडुंगांचा नाद असलेल्या काही लोकांना झोंबेल, पण इलाज नाही.

मुद्दा सरळ आहे. रानातून उपटून आणलेला निवडुंग विकत घेणारा माणूस निवडुंगप्रेमी नाही. ते चोरीच्या मालाचं गिऱ्हाईक आहे, मग लॅटिन नावं कितीही घडाघडा म्हणून दाखवू देत.

कोपियापोआचंच बघा. चिलीच्या आटाकामा वाळवंटात, समुद्रालगत ही झाडं वाढतात. पाऊस जवळजवळ नाहीच, समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर गुजराण. वाढ इतकी सावकाश की फुटबॉलएवढं व्हायला कित्येक दशकं लागतात. २०२० साली इटलीतल्या सेनिगालियात पोलिसांनी एका संग्राहकाकडून अशी हजाराच्या वर झाडं पकडली. त्यातली काही शंभरी ओलांडलेली! २०२१ मध्ये आठशेहून जास्त झाडं चिलीला परत गेली. बरीच आधीच मेली होती.

हा एकटादुकटा प्रकार नाही. आययूसीएनच्या पुढाकाराने २०१५ साली झालेल्या अभ्यासानुसार निवडुंगांच्या ३१ टक्के प्रजाती धोक्यात आहेत, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना हौशी लोकांसाठी होणारी उचलेगिरी भोवतेय. म्हणजे झाडाच्या मुळावर उठलेत ते त्याचे चाहतेच!

आता नेहमीचे बचाव.

एक, "मी नाही घेतलं तर दुसरा घेईल." हे तर पायरेटेड सीडीवाल्यांचं जुनंच गाणं. फरक एवढाच की सीडीची कॉपी काढली तरी मूळ सीडी जागेवर राहते. इथे मूळच उपटलं जातं, आणि त्याला बॅकअप नाही.

दोन, "बियांपासून वाढवण्यात आयुष्य जाईल." अरे, अ‍ॅस्ट्रोफायटमचं ताजं बी झाकणाच्या डब्यात, ओलसर बारीक मुरमावर पेरा. उबेत आठवड्याभरात उगवतं. तीन-चार वर्षांत फूल धरतं. घाई असेल तर रोप ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर कलम करा, ते भराभर वाढतं. जपानी लोकांनी अ‍ॅस्ट्रोफायटमच्या बिया पिढ्यान्‌पिढ्या निवडून पेरल्या आणि पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला 'सुपर काबुतो' तयार केला. याला म्हणतात नाद!

तीन, "रानातल्या झाडाचा रुबाबच वेगळा." हे मात्र खरंय. पण तो रुबाब तिथल्या उन्हाचा, धुक्याचा, उपासमारीचा आहे. तो कुंडीबरोबर येत नाही. पुण्यातल्या बाल्कनीत त्याची नवी वाढ गुबगुबीत हिरवीच येणार, आणि जुलैच्या पावसात भिजलं तर बुडातून सडणार. शंभर वर्षं वाळवंटात तगलेलं झाड आपण दोन पावसाळ्यांत संपवायचं आणि त्याला कलेक्शन म्हणायचं?

ओळखायचं कसं? बियांपासून केलेली रोपं स्वच्छ असतात, काटे नीट, सगळी साधारण एकाच साच्यातली. रानातलं झाड वेडंवाकडं, बुडाशी सालीसारखं तपकिरी, अंगावर जुने व्रण, मुळं तोडलेली. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "हे पेरलं कधी?" पेरणाऱ्याला साल पाठ असतं. बाकीचे विषय बदलतात. तिथे पाकीट खिशात ठेवायचं आणि निघायचं.