मत फुटतं की पद्धतच फुटकी?

'मतं फोडू नका.' निवडणूक जवळ आली की गोव्यात हे वाक्य बलकावावर, बाजारात, मिसा संपल्यावर चर्चच्या आवारातही ऐकू येतं. आम्हां कॅथलिक मतदारांना तर जरा जास्तच. म्हणजे काय, तर आवडत्या उमेदवाराला नको, नावडत्याला पाडू शकेल त्याला मत द्या. विधानसभेसाठी मी पुढच्या वेळी पहिल्यांदा मत देणार आहे, आणि पहिलंच मत असं भीतीपोटी द्यावं लागणं मला मान्य नाही.

दोष मतदाराचा नाही, मतं मोजण्याच्या पद्धतीचा आहे. २०१७ मध्ये भाजपला सुमारे ३२.५ टक्के मतं आणि १३ जागा मिळाल्या. काँग्रेसला मतं कमी, सुमारे २८ टक्के, पण जागा १७! २०२२ मध्ये भाजपची मतं ३३ टक्क्यांच्या आसपासच राहिली, जागा मात्र २० झाल्या. त्याच वेळी रिव्होल्युशनरी गोवन्सला ९ टक्क्यांहून जास्त मतं मिळूनही ४० पैकी एकच आमदार, तोही सांत आंद्रेत ७६ मतांनी. तृणमूलला ५ टक्क्यांवर मतं, आमदार शून्य. तेव्हा हा कुठल्या एका पक्षाचा प्रश्न नाही.

पसंतीक्रमाच्या मतदानात आपण १, २, ३ असे आकडे लिहितो. आपला उमेदवार बाद झाला तर मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. ते फुटत नाही, पुढे सरकतं. त्याला जोडून पाच-पाच आमदारांचे आठ मतदारसंघ केले, तर साधारण सहाव्या हिश्श्याहून थोडी जास्त मतं मिळवणारा निवडून येईल. आयर्लंड आणि माल्टात अशी पद्धत शंभर वर्षं चालू आहे.

आपल्यालाही ती परकी नाही. राष्ट्रपती अशाच पसंतीक्रमाने निवडले जातात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर जिंकले. राज्यसभेसाठी आमदारही १, २, ३ लिहितात. मग त्या आमदारांना निवडून देणाऱ्या आपल्यालाच ते का नाही?

डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत याला विरोध केला होता. मतदार साक्षर नाहीत आणि सरकार अस्थिर होईल, ही त्यांची कारणं. तेव्हा ती रास्त होती. पण २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर आहे. आणि स्थिरता? २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, २०२२ मध्ये आठ. पसंतीक्रमाने पक्षांतर थांबेल असं मी म्हणत नाही. पण सध्याची पद्धत स्थिरता देते, हेही कुणी सांगू नये.

एक तोटा मात्र खरा आहे. आपले मतदारसंघ लहान, आमदार लग्नाला आणि मयताला येतो. मोठ्या मतदारसंघात ही जवळीक कमी होईल. पण एकाने दार लावलं तर आणखी चौघांची दारं असतील, हेही खरं.

कायदा संसद बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या मंडळाच्या सचिवाची निवड तरी यंदा पसंतीक्रमाने करूया का? त्याला कागद आणि पेन्सिल पुरते.