घरच्या खाण्याला ठेवलेले दाणे



भुईमुगाच्या शेंगा वाळून घरात आल्या, की दाणे निवडायला घरातल्या बायकाच बसतात. ठसठशीत दाणा बाजारासाठी एका बाजूला, सुरकुतलेला, फुटका, काळपट दाणा दुसऱ्या बाजूला. हा दुसरा ढीग जातो कुठे? चटणीला, कुटाला, आमटीला. उरला तर कोंबड्यांना. "लक्ष्मी आहे, टाकायची कशी?" असे माउली म्हणते. भावना चांगली आहे, पण विष असलेच तर ते जास्त करून याच ढिगात असते.

१९६० साली इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की कोंबड्या पटापट मेल्या. रोग काही सापडेना. शेवटी बोट गेले ते ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर. त्या पेंडीत अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीचे विष होते. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे फवारणीचे औषध नव्हे, बुरशीने स्वतः तयार केलेले विष आहे. नैसर्गिक ते सगळे निर्धोक, असे हल्ली जो तो सांगत असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आपल्या देशातला दाखला फार दुःखाचा आहे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने मका भिजला. कणसे नीट न वाळताच साठवली गेली. गरिबाघरी दुसरे धान्य नव्हते, तोच मका रोज पोटात गेला. माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी भरले. ३९७ जण आजारी पडले, त्यांतले १०६ दगावले. त्याच भाकरीच्या तुकड्यावर जगणारी कुत्रीही मेली.

इतके विष एकदम पोटात जाणे विरळा. रोज थोडे थोडे जाते, त्याने यकृत बिघडते आणि पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. "भाजले की मरते ना?" असे भगिनी हमखास विचारतात. बुरशी मरते, पण विष भाजण्या-शिजवण्याने पुरते जात नाही. डोळ्यांना किंवा जिभेला ते कळेलच असेही नाही.

म्हणून बंदोबस्त शेतापासूनच हवा. दाणे भरताना शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण पडला, तर बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते. सोय असेल तर तेव्हा एक पाणी जरूर द्यावे. खुरप्या-कुदळीने फुटलेल्या शेंगा वेगळ्या काढाव्यात. उपटलेले वेल शेंगा वर येतील असे उलटे पसरावेत. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे, बोटांत चोळला की टरफल सुटले पाहिजे. तोवर पोती भरू नयेत. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत.

आणि एक वाईट खोड आहे. शेंगा फोडायला सोप्या जाव्यात म्हणून त्यांवर पाणी शिंपडतात. चार दिवस उन्हात घालवून कमावलेले सगळे तिथे जाते! वजन वाढते म्हणूनही कोणी शिंपडतात, त्यांना काय म्हणावे? व्यापारी ढीग बघून भाव करतो, चोख वाळवणीचे दोन पैसे जादा देत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण निदान घरच्या पोत्यात तरी पाणी नको.

दुधाचेही तसेच. बुरशीची पेंड किंवा मका गाईम्हशीने खाल्ला, की विषाचा अंश दुधात उतरतो आणि दूध उकळल्याने जात नाही. सरकारने देशभरातून घेतलेल्या दुधाच्या ६,४३२ नमुन्यांचा अहवाल २०१९ साली आला. त्यांतल्या ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त होते. तेव्हा कुबट वासाची, ढेकळे झालेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. निवडून काढलेले बुरशीचे दाणेही कोंबड्यांपुढे किंवा गव्हाणीत न टाकता खड्डा करून पुरून टाका.