गाडी वाढली, हौदा आखडला

मालवाहू गाडीची खरी किंमत तिच्या हौद्यात असते. माल किती बसतो, तो चढवायला-उतरवायला किती सोपा आणि गाडी अरुंद गल्लीत वळते की नाही, एवढेच छोटा धंदेवाला पाहतो. या कसोटीवर अमेरिकेतील छोट्या पिकअप ट्रकचा गेल्या चाळीस वर्षांचा प्रवास तपासला, तर तो उलट्या दिशेने झाला आहे असे आम्हांला दिसते.

फोर्ड कंपनीने १९८२ साली 'रेंजर' बाजारात आणली, तेव्हा ती सुमारे साडेचौदा फूट लांब होती व तिचा हौदा सहा फुटांचा होता. २०११ साली अमेरिकेत तिचे उत्पादन बंद पडले. २०१९ साली त्याच नावाची गाडी परत आली ती साडेसतरा फुटांची. आणि चार दारांच्या प्रकारात हौदा मात्र पाच फुटांचा! गाडी तीन फूट वाढली, माल ठेवायची जागा एक फूट घटली.

गिऱ्हाइकालाच मोठी गाडी हवी असते, असे कंपन्या सांगतात. यात तथ्य नाही असे नाही. एकाच गाडीत कामही व्हावे आणि बायकामुलेही बसावीत, ही अपेक्षा वाढली. सुरक्षिततेच्या साधनांनीही जागा घेतली. परंतु गिऱ्हाईक बाजारात जे असते त्यातूनच निवडतो, आणि बाजारात काय असावे हे बऱ्याच अंशी कायदा ठरवतो.

पहिला कायदा जकातीचा. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर बसवला म्हणून चिडून अमेरिकेने १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात लावली. भांडण कोंबडीचे, फटका ट्रकला! पळवाटा लगेच निघाल्या. जपानमध्ये बनलेल्या गाड्या हौद्याविना आणायच्या, कमी जकात भरायची आणि हौदा अमेरिकेत बसवायचा, असा उद्योग काही वर्षे चालला. १९८० साली ती वाट बंद झाली. सुबारू कंपनीने तर आपल्या 'ब्रॅट' गाडीच्या हौद्यात दोन खुर्च्या ठोकून तिला प्रवासी गाडी ठरवले. कोंबडीचे भांडण केव्हाच विसरले गेले, जकात मात्र साठ वर्षांनंतरही कायम आहे. स्वस्त गाडीत नफा आधीच थोडा. त्यावर चौथाई जकात बसली की ती बाहेरून आणणे परवडत नाही.

दुसरा कायदा इंधन बचतीचा. तेलटंचाईनंतर १९७५ साली तो झाला. हेतू चांगलाच होता. पुढे २००८ ते २०११ या काळात ट्रकसाठी त्याची मोजपट्टी बदलली. चार चाकांमधील चौकोन जेवढा मोठा, तेवढी मायलेजची अट सैल, असे ठरले. कंपन्यांनी केवळ नियमासाठी गाड्या आखडून असुरक्षित करू नयेत, हा त्यामागचा विचार होता. परिणाम असा की लहान ट्रकला कडक परीक्षा आणि मोठ्याला सोपी. कारखानदाराने यातून काय बोध घ्यावा? २०२५ साली या कायद्याचा दंड शून्यावर आणला गेला. पण त्या हिशेबाने घडलेल्या गाड्या लगेच बदलत नाहीत.

लहान गाडीला मागणीच नाही, हे तर मुळीच खरे नाही. फोर्डने २०२१ साली वीस हजार डॉलरच्या आतली 'मॅव्हरिक' आणली, तेव्हा पहिल्या मॉडेलच्या नोंदण्या कंपनीला मध्येच थांबवाव्या लागल्या. ही गाडी मेक्सिकोत बनते, त्यामुळे व्यापार कराराच्या सवलतीने ती त्या जकातीतून सुटते. तरीही आजची ही 'छोटी' गाडी जुन्या रेंजरपेक्षा दोन फूट लांब आहे आणि तिचा हौदा साडेचार फुटांचा आहे.

कायद्याची मोजपट्टी गाडीला कसा आकार देते, हे आपणही पाहिले आहे. २००६ साली केंद्र सरकारने चार मीटरच्या आतील लहान इंजिनांच्या मोटारींवरील अबकारी कर २४ वरून १६ टक्के केला. टाटांनी २००८ साली 'इंडिगो' मोटारीची डिकी कापून तिला चार मीटरच्या आत बसवले. तिथे नियमाने गाडी वाढली, इथे आखडली. दोन्हीकडे गिऱ्हाइकाची आवड तीच होती असे नव्हे, पण कारखानदाराचा हिशेब मात्र एकच होता.

मालवाहतुकीत आपण अजून सुदैवी आहोत. २००५ साली आलेला टाटांचा 'एस', म्हणजे आपला 'छोटा हत्ती', चार मीटरच्या आत राहून पाऊण टन माल वाहत असे. भाजीवाला, फर्निचरवाला, मंडपवाला अशा कितीतरी जणांची रोजीरोटी अशा गाड्यांवर चालते. उद्या इंधनाचे, प्रदूषणाचे नियम बदलतील, ते बदललेही पाहिजेत. परंतु मोजायचेच असेल तर एक टन माल वाहायला किती इंधन लागते ते मोजावे, गाडीचा पसारा मोजू नये. नियमाचा मसुदा निघाला की मोठ्या कंपन्यांची माणसे दिल्लीत हजर असतात. छोट्या वाहतूकदारांच्या संघटनांनीही तिथे आपला हिशेब मांडला पाहिजे. नाहीतर गाडीचा हप्ता वाढेल, हौदा आखडेल, आणि हे सारे तुमच्याच आवडीने झाले, असे आपल्यालाच ऐकवले जाईल.